बोर्ड बदलला, मशीन तेच

५ नोव्हेंबर २००७, सोमवार
बँकेतून परत आले, दाखला न देताच. पेन्शन हवी तर दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं. सहा वर्षं देते आहे, कधी तक्रार केली नाही. आज काउंटरवरचा म्हणतो, "सही जुळत नाही, म्याडम." जुळणार कशी? गेल्या वर्षापासून उजवा हात थरथरतो. "मग अंगठा देऊन टाका ना." अंगठा! टेलिफोन खात्यात एकोणचाळीस वर्षं काढली, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. शाळेत सिस्टर फिलोमिनाच्या पट्टीखाली अक्षर घोटलं. आणि आता अंगठा. फॉर्म पर्समध्ये टाकला नि उठून आले.

तिथून केंद्रावर, सिकलसेलच्या पोरांना रक्तदाते शोधून देतो तिथे. शनिवारी लाईट चारदा आली-गेली आणि सर्व्हरचा मदरबोर्ड जळाला होता. कॉम्प्युटरवाल्या गजाननने आज नवा बसवला. वय चाळीस, पोट पन्नासचं, पण हात हलका. "चालू झालं पाहा म्याडम. बोर्ड दुसरा, मशीन तेच."

दोन वर्षांपूर्वी हे मशीन घेतलं तेव्हा हाच म्हणाला होता, "लायसन कायले घेता? क्रॅक टाकून देतो, पाच मिनिटांचं काम. अख्ख्या जिल्ह्यात कोनाकडे हाय लायसन?" सिकलसेलच्या पोरांच्या नावाने वर्गण्या गोळा करायच्या आणि त्यांची नावं चोरीच्या मालावर लिहायची? सॉफ्टवेअरचं रीतसर लायसन घेतलं. हे त्याला आज पुन्हा ऐकवलं. त्याने पुन्हा ऐकून घेतलं.

६ नोव्हें., मंगळ
उद्यापासून केंद्र बंद, थेट सोमवारी उघडेल. दोन खोल्या, एक सर्व्हर, एक फोन, एक वंदना. नोंदी, चहा, पेशंटच्या आयांचं रडणं, सगळं तीच सांभाळते. मी फक्त मानद सेक्रेटरी, म्हणजे ओरडायला.

निघताना वं. म्हणाली, "बाई, मशीन चालू केली का एक इंग्रजी डबा येते. मी बंद करून देतो."
"काय लिहिलंय त्यात?"
"लय लंबं हाय."
इकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' म्हणतात. चार वर्षं टोकते आहे, तिला फरक नाही. आजही तेच टोकलं. डब्यात काय लिहिलंय ते पाहायचं राहिलं. रिक्षावाला हॉर्न मारत होता.

९ नोव्हें., लक्ष्मीपूजन
एकटीने केलं. पणत्या पाच. पुण्याहून भाच्याचा फोन: "मावशी, त्या पांढरकवड्यात काय ठेवलंय?" पणत्यांना तेल घालायचंय म्हणून फोन ठेवला.
समोरच्या जिनिंगचं फाटक बंद. कापसाच्या गाड्या रस्त्याच्या कडेला रांगेत तशाच. बैल सोडलेले, माणसं गाड्यांखाली. कुणीतरी गाडीच्या चाकाशी एक पणती लावली होती. वाऱ्याने विझली, पुन्हा लावली. मी गच्चीवरून पाहत होते. खाली जाऊन करंज्या द्यायला हव्या होत्या. सकाळी दिल्या.

१० नोव्हें., पाडवा
हायवेवर टीव्हीवाल्यांची गाडी. काळा चष्मा लावलेली एक मुलगी खाली उतरली आणि इंग्रजीत विचारू लागली, जवळपास एखादी विधवा भेटेल का, कापसाच्या शेतकऱ्याची. मी म्हटलं, मी आहे, चालेल का? माझा नवरा कापसाने नाही, बिडीने गेला.
चालले नाही.

१२ नोव्हें., सोम
सर्व्हर आत घेत नाही.
पासवर्ड बरोबर. तरी पडद्यावर एकच गोष्ट: मशीनच्या सुट्या भागांत मोठा बदल झालेला आहे, लायसन पुन्हा चालू करा, त्याशिवाय आत जाता येणार नाही. हाच तो डबा. तेव्हा 'तीन दिवसांत करा' म्हणत होता. ते तीन दिवस कुलपाआड, दिवाळीत संपले.

गजाननला बोलावलं. त्याचं म्हणणं असं: लायसन हे मशीनच्या अंगाला बांधलेलं असतं, आणि बोर्ड म्हणजे अंगाचा मोठा भाग. तो बदलला की कंपनीला वाटतं, हे दुसरंच मशीन, जुनं लायसन चोरून याच्यावर घातलं.
"म्हणजे मी चोर?"
"तुमी नाही म्याडम. मशीन."
"आणि ज्याने क्रॅक टाकलाय त्याला कोणी विचारतं?"
"त्याले कोन विचारते? त्याचं मस्त चालू हाय."
वं. हसली. मी तिच्याकडे पाहिलं, मग ती थांबली. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात लायसन विकत घेणारी मीच एक असेन, आणि कुलूप माझ्याच दाराला.

एरवी चार दिवस थांबले असते. पण सुमनला शुक्रवारी रक्त द्यायचं आहे.
सुमन टेकाम, वय एकोणीस, पलीकडच्या पोडावरची, आदिवासी वस्तीतली. लहानपणापासून इतक्यांदा रक्त चढवलंय की आता वाटेल त्याचं रक्त तिच्या अंगाला चालत नाही, उलटतं. नागपूरच्या तपासणीत आमच्या दात्यांपैकी तिघेच जुळले. त्यातला एक ट्रक ड्रायव्हर, तो सध्या हैदराबादच्याही खाली कुठेतरी. उरलेले दोघे नागपूरच्या कागदावर 'दाता क्र. १९' आणि 'दाता क्र. ३४'. १९ कोण आणि ३४ कोण, हे फक्त सर्व्हरला ठाऊक. पेशंटच्या घरच्यांनी दात्यांच्या दारी जाऊ नये म्हणून नावं कागदावर नाहीत. हा नियम चांगला आहे. माझाच आहे.

डॉक्टरांना गुरुवार संध्याकाळपर्यंत दोन्ही नावं हवीत. तरच माणसं शुक्रवारी सकाळी यवतमाळला पोचतील.

१३ नोव्हें., मंगळ
ग.ने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. नोंदी दिसतात पण कुलूपबंद. आमचा नोंदींचा प्रोग्रॅम याच सर्व्हरवर उघडतो, दुसरीकडे नाही. डिस्क परत जागेवर.

मग म्हणाला, सोपं आहे. कॅबिनेटच्या बाजूला लायसनचं स्टिकर असतं, त्यावरचा पंचवीस अक्षरांचा नंबर टाका, कंपनीला फोन करा, ते सोडवतात. कॅबिनेट फिरवलं. स्टिकर आहे. पांढरं स्वच्छ. कोऱ्या पाटीसारखं.

"काहून पुसलं बाई कोनी?" वं. म्हणाली.  कोणी पुसलं ते दोघींनाही माहीत होतं.

खंडेनवमीला वं.ने मशीनची पूजा केली होती. लोहाराच्या कारखान्यात तिचा नवरा लेथची करतो, ही सर्व्हरची करते. हळद-कुंकू, वर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, सपाट जागा बघून, म्हणजे नेमकं स्टिकरवर. दुसऱ्या दिवशी मी आले आणि भडकले. हे दवाखान्याचं यंत्र आहे, देव्हारा नाही, वगैरे. वं. म्हणाली होती, "राहू द्या ना बाई, त्याले काय दुखते?" मी ऐकलं नाही. ड्रेसिंगच्या ट्रेमधला कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि घासून घासून काढलं. अगदी लख्ख होईपर्यंत. स्वस्तिकाबरोबर नंबरही गेला. कुंकवाखाली तो सुखरूप होता.

वं.ने कॅबिनेट फिरवून परत जागेवर लावलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

खरेदीची फाईल ऑडिटरकडे, ऑडिटर सहकुटुंब तिरुपतीला, फोन बंद.

दुपारी सुमन आली, आईबरोबर, शुक्रवारचं विचारायला. डोळे पिवळे, ओठ पांढरे, जीभ मात्र शाबूत. मला 'मोठ्या बाई' म्हणते.
"मोठ्या बाई, तुमचा डब्बा बिमार पडला म्हनते?"
"हो."
"त्याले बी रक्त लागते का?"
वं.ने तिला गप्प केलं. ही थोडीच गप्प बसते. "मांगच्या खेपेला मले ट्रकवाल्याचं चढवलं ना, तवापासून मोठी गाडी दिसली का हार्न वाजवावा वाटते. आता कोनाचं देता?"
आई खाली बसून लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत होती. तिने एवढंच विचारलं, "शुक्रवारी भेटते न, बाई?"
मी म्हटलं, भेटते. कशाच्या जोरावर म्हटलं, माहीत नाही.

दिवेलागणीला एक आठवलं. टेलिफोनच्या बोर्डावर बसलेल्या बाईला एक खोड लागते: नंबर दिसला की टिपायचा. ट्रकचा, पाकिटावरचा, औषधाच्या बाटलीवरचा. रिटायर झाल्यावरही सुटली नाही, रोजनिशीत उतरते. दोन वर्षांपूर्वीची वही काढली. मशीन आलं तो दिवस, श्रावणातला शुक्रवार. लिहिलंय: 'सर्व्हर आला. गजानन क्रॅकबद्दल बोलला, झापला. वंदना म्हणते पंख्याच्या आवाजाने झोप येते.' आणि खाली, पाच-पाचच्या पाच गटांत, पंचवीस अक्षरं.

अक्षर मोत्यासारखं. ते माझं आहे हे बँकेतल्या त्याला दाखवलं असतं तर म्हणाला असता, ही दुसरी बाई.

वहीतले पुढचे महिनेही उगाच चाळले. कुठे अक्षर हलायला लागलं ते शोधत होते. एका दिवसात नाही लागलं. ओळीमागून ओळ, कळू न देता.

१४ नोव्हें., बुध
नंबर टाकला. मशीनने घेतला. मग पडद्यावर सहा-सहाचे नऊ गट आले, चोपन्न आकडे. हे फोनवर कंपनीला वाचून दाखवायचे, ते उलट आकडे देतात, ते टाकले की कुलूप उघडतं.

केंद्राच्या फोनवरून कंपनीचा फुकट नंबर लागेना. यवतमाळच्या एक्स्चेंजला फोन केला. तिथे आता जो साहेब आहे तो माझ्या हाताखाली ट्रेनिंगला होता. "बाई, तुमचा आवाज ऐकला का अजून उभं राहावं वाटते." म्हटलं, उभा राहू नकोस, लाईन उघड. वीस मिनिटांत उघडली.

आधी रेकॉर्ड केलेली बाई. चोपन्न आकडे वाचले. एकही चुकला नाही, एकदाही अडखळले नाही. हात थरथरतो, आवाज नाही. वं. आणि ग. तोंडाकडे पाहत राहिले. ग. म्हणाला, "बापरे, रेडिओच." कित्येक वर्षांनी बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. रेकॉर्डने सगळं ऐकून घेतलं आणि नापास केलं. माणसाकडे जोडते म्हणाली.

माणूस येईपर्यंत बाजा वाजत होता. तेवढ्यात ग. कानाशी: "म्याडम, बोर्ड बदलला सांगू नका. फक्त म्हना, मशीन तेच हाय, सिस्टिम पुन्हा टाकली. बोर्ड बाहेरचा लावला म्हटलं तर म्हनतील लायसन मेलं, नवीन घ्या. नवीन यायले पंधरा दिवस."

माणूस आला. आवाजावरून पंचविशीचा, इंग्रजी घासूनपुसून केलेलं. नाव, गाव, नंबर. हे लायसन किती मशीनवर आहे? एका. मग तोच प्रश्न: हे तेच मशीन आहे का?

कॅबिनेट तेच, डिस्क तीच, नोंदी त्याच, बाराशे पोरांची नावं तीच. बोर्ड वेगळा. 'हो' म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं? अजून ठरवता येत नाही. सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, तोंडाने न बोललेलं खोटंही खोटंच, देव गप्प बसणाऱ्याचंही ऐकतो. पन्नास वर्षं झाली, पट्टीचा वळ अजून बोटांवर आहे.

मी सांगितलं. बोर्ड जळाला, दुसरा लावला, कंपनीचा नाही, इथल्या माणसाने लावला. मशीन मात्र तेच आहे, तुमच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

ग.ने कपाळावर हात मारून घेतला. आवाज मला रिसीव्हर कानाला असूनही ऐकू आला.

पलीकडच्या मुलाने काहीतरी टाईप केलं. मग म्हणाला, अशा केसमध्ये त्याला अधिकार नाही, वरिष्ठांना विचारावं लागेल. उद्या दिवसभरात फोन येईल. मी सुमनचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. तो म्हणाला, "मी नक्की लिहितो, मॅम." चांगला मुलगा असावा. माझ्या हाताखाली असता तर तयार झाला असता.

फोन ठेवल्यावर ग.ने काही न बोलता शर्टाच्या खिशातून एक सीडी अर्धी वर काढून दाखवली आणि परत आत सरकवली.
"नाही," मी म्हटलं.
"मी काही बोललोच नाही म्याडम."

१५ नोव्हें., गुरु
सकाळी नऊपासून फोनसमोर. दहा. साडेदहा. एक फोन आला, रॉंग नंबर, कोणाला तरी खताचं दुकान हवं होतं. त्याच्यावर एवढी ओरडले की त्याने माफी मागितली.
अकराला डॉक्टरांचा. "नावं मिळाली का, ताई? परवाच्या तपासणीत सुमनचं हिमोग्लोबिन चारवर आलंय." संध्याकाळपर्यंत देते म्हटलं.
ट्रकवाल्याच्या बायकोकडून कळलं, तो सोमवारच्या आधी येत नाही.

साडेअकराला सुमनची आई. शुक्रवारसाठी म्हणून आजच आली, पोडावरून चालत. सुमन घरी निजून आहे म्हणाली, काल रात्रीपासून बोलत नाही. ती पोरगी आणि बोलत नाही.  वं.ने आईला चहा दिला, तो हातात धरून बसली, प्यायली नाही.

ग. कोपऱ्यात स्टुलावर. त्याला मी बोलावलं नव्हतं. त्याचं दुकान उघडं टाकून आला होता.

बाराला मी पर्स उचलली. म्हटलं, बँकेत जाऊन येते, हयातीचा दाखला राहिलाय. तासभर लागेल.
वं.ने वर पाहिलं. दाखल्याची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, हे तिला ठाऊक आहे. फॉर्म तिनेच भरला होता.
ग. खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "दोन तास लावा म्याडम. गर्दी असते."

मी वं.ला सांगितलं, फोन आला तर आकडे पॅडवर लिही, गट पाडून, दोनदा वाचून घे. अगदी नीट सांगितलं. मी फोनचीच वाट पाहते आहे असं.

बँकेत गर्दी नव्हती. तीन माणसं. मीच बाकावर बसून राहिले, दोघांना पुढे जाऊ दिलं. मग काउंटरवर गेले. तोच. "आणला का फॉर्म?" सहीच्या जागेकडे पाहिलं. म्हटलं, शाई काढा. त्याने निळं पॅड पुढे सरकवलं. माझा अंगठा धरायला हात पुढे केला, मी म्हटलं, माझा मी लावते. थरथरत्या हाताचाही ठसा स्वच्छ उमटतो. शिक्का मारून त्याने फॉर्म ठेवून घेतला. म्हणाला, झालं, तुम्ही आहात.

परत आले तेव्हा दोन वाजत होते. सर्व्हर चालू. पंख्याचा आवाज. यादी छापलेली, माझ्या टेबलावर. १९ म्हणजे वणी रस्त्यावरचे एक मास्तर. ३४ म्हणजे कापसाचं वजन करणारा एक काटेवाला, माझ्या घरासमोरच्याच जिनिंगमधला. चाळीस पावलांवर. चार दिवस.

वं. दोघांना फोन लावत होती. ग. नव्हता.
"गेला का?"
"गेला. जेवला बी नाही."
फोन आला होता का, हा प्रश्न ओठांवर होता. अंगठ्याची शाई पुसत राहिले. स्पिरिट आणि कापूस. निघाली नाही.
 वं.ने नुसतं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काटेवाले येतो म्हनले. मास्तर येतो म्हनले."

१६ नोव्हें., शुक्र
दोघे वेळेवर पोचले. मास्तर वाटेत पोरांचे पेपर तपासत होते. दुपारी रक्त सुरू. चारला डॉ.चा फोन: उलटलं नाही. पाचला पुन्हा: सुमन बोलायला लागली, नर्सशी भांडते आहे.
संध्याकाळी वं.ने निरोप आणला. सुमन विचारते, आता कोनाचं दिलं? नाव सांगता येत नाही, असा नियम आहे. वं.ने परस्पर सांगून टाकलं होतं, एक शिकवनारा आनि एक तोलनारा. सुमन म्हणाली म्हणे, "आता मोठ्या बाईची खैर नाही."

१७ नोव्हें., शनि
वं. सुट्टीवर. केंद्रात एकटी. दात्यांची नावं हाताने एका वहीत उतरवून कपाटात कुलपाआड ठेवली. अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचता येतं. नियम बदलला, तारीख घातली.

सर्व्हर सकाळी चालू केला. डबा आला नाही. सरळ आत घेतलं, काही न विचारता. ज्याचं लायसन खरं आहे त्यालाही असंच घेतो, आणि ज्याचं नाही त्यालाही. पडद्यावरून कळायचा मार्ग असेल, ग.ला माहीत असेल. मी शोधला नाही.

फोनशेजारचं पॅड वं.ने टेबलावर पालथं ठेवलंय. परवापासून तसंच आहे. फोन आला असेल तर त्यावर आकडे असतील, गट पाडून, दोनदा वाचून घेतलेले. तिने तसंच केलं असणार. नसेल आला तर पान कोरं असेल. एवढंच काम आहे, पॅड सरळ करायचं. आयुष्यात एकही नंबर न पाहता पुढे गेलेली नाही मी.

टेबल पुसलं. पॅडच्या भोवतीनं.